काळ्या समुद्राकडे निघण्यापूर्वी

वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्सप्रेस वाटेत ग्वाल्हेरला थांबते. गोव्यातील बहुतेक प्रवाशांच्या लेखी झाशीनंतरचे आणि आग्र्याआधीचे एक स्थानक, एवढीच त्याची ओळख. ज्यांची नातीगोती शिंद्यांच्या या जुन्या मराठी वस्तीशी जुळलेली आहेत, त्यांना मात्र लष्कर, महाराज बाडा, दौलतगंज ही नावे आपल्या वाड्यावरच्या नावांइतकीच जवळची वाटतात. माझी मावशी लष्करात राहते. तिच्या घरी समुद्र म्हणजे गोवा आणि गोवा म्हणजे ही गाडी, असे समीकरण वर्षानुवर्षे पक्के होते. २०२४च्या उन्हाळ्यात ते मोडले. निवृत्तीनंतर बाजूला ठेवलेल्या रकमेतून एकदाच परदेशी जाऊन यावे असे काकांच्या मनात आले. पश्चिम युरोपचा खर्च ऐकून ते मागे सरले, आणि मग कोणीतरी त्यांच्या हाती जॉर्जियाच्या सहलीचे पत्रक ठेवले. निळे पाणी, पामची झाडे, उंच इमारती आणि खाली ठळक अक्षरांत ‘व्हिसाची हमी’.

मावशीचा मला फोन आला तो मी सोबत यावे म्हणून, आणि त्याहीपेक्षा कागदपत्रे तपासून द्यावीत म्हणून. दिवसभर इतरांच्या मजकुरातील चुका काढणारी भाची घरात असताना पंधरा पानी पुडके कोणी वाचायचे, हा प्रश्नच नव्हता. त्यामागे भीतीही होती. शेजारच्या घरातील एक तरुण आदल्या वर्षी अशाच एका सहलीला निघाला होता. त्याच्या प्रवास-एजंटाने व्हिसासाठी हॉटेलचे आरक्षण जोडले, व्हिसा मिळताच ते परस्पर रद्द केले आणि त्याला त्याची कल्पनाही दिली नाही. परदेशी विमानतळावर उतरल्यावर अधिकाऱ्याने आरक्षणाची खातरजमा केली आणि तरुणाला परतीच्या विमानात बसवण्यात आले. पैसे बुडाले ते बुडालेच, वर महिनाभर गल्लीत तोंड दाखवायची चोरी झाली.

गोव्यातही या देशाची चौकशी अलीकडे वाढली आहे. दाबोळी-मोपाच्या वाटेने आखातात नोकरीला असलेली मंडळी ईदच्या सुट्टीत तिकडे जाऊन येतात, कोणाची मुले तेथे वैद्यकीय शिक्षण घेत असतात. म्हणून ग्वाल्हेरच्या त्या ओसरीवर आम्ही तिघांनी जे शिकून घेतले आणि पुढे प्रत्यक्ष गेल्यावर जे कळले, ते येथे सांगणे उपयोगी पडेल असे वाटते.

प्रथम देशाविषयी थोडे. अमेरिकेत याच नावाचे एक राज्य असल्याने संगणकावर शोध घेताना घोळ होतो. तिकीट काढताना विमानतळाचे नाव तिबिलिसी असल्याची खात्री करावी. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेला, रशिया, तुर्कस्तान, आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्या मधोमध हा देश आहे. पश्चिमेला काळा समुद्र. क्षेत्रफळ सुमारे ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या एकोणीसपट. लोकसंख्या मात्र सदतीस लाखांच्या आसपास. सोव्हिएत संघातून तो ९ एप्रिल १९९१ रोजी बाहेर पडला. देशवासी स्वतःच्या देशाला साकार्तवेलो म्हणतात. भाषा स्वतंत्र, लिपीही स्वतंत्र आणि गोलाकार वळणांची. तिची ३३ अक्षरे पाहताना प्रथमदर्शनी कानडी-तेलुगूची आठवण होते, पण तो केवळ डोळ्यांचा भास. या भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. मावशीला हे सांगितल्यावर तिने काकांकडे ज्या नजरेने पाहिले ती येथे लिहिण्याजोगी नाही.

आता मुख्य मुद्दा. भारतीय पारपत्रधारकाला जॉर्जियासाठी व्हिसा लागतो आणि तो घरबसल्या, संगणकावरून काढता येतो. त्या सरकारचे अधिकृत संकेतस्थळ एकच आहे. त्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे मात्र अनेक आहेत आणि ती त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. अधिकृत शुल्क वीस डॉलरच्या आसपास आणि त्यावर थोडा सेवाखर्च. निर्णयासाठी कामकाजाचे पाच दिवस धरले जातात. अर्ज नामंजूर झाला तर शुल्क परत मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन गटातील देशांचा वैध व्हिसा अथवा रहिवास परवाना ज्यांच्यापाशी आहे, त्यांना वेगळ्या व्हिसाची आवश्यकता नाही. १८० दिवसांच्या कालावधीत ९० दिवसांपर्यंत राहता येते. आखाती देशांचा रहिवास परवाना असलेल्या गोमंतकीयांनाही ही सवलत आहे, परंतु परवान्याची मुदत किती शिल्लक असावी याची अट तिकिटाआधी पाहून घ्यावी.

गोव्याच्या संदर्भात आणखी एक गोष्ट आहे, जी ग्वाल्हेरकरांना सांगितली तेव्हा त्यांना नवलच वाटले. आपल्याकडे एकाच घरात एकाचे पारपत्र भारतीय आणि दुसऱ्याचे पोर्तुगीज, अशी स्थिती विरळा नाही. पोर्तुगीज पारपत्र म्हणजे युरोपीय संघाचे नागरिकत्व. त्यांना जॉर्जियात व्हिसाविना वर्षभर राहता येते. अशा कुटुंबात एक जण मिनिटभरात शिक्का घेऊन पलीकडे जातो आणि उरलेले अलीकडे उत्तरे देत उभे राहतात. जो पलीकडे गेला त्याच्याच पाकिटात सगळ्यांची हॉटेलची कागदपत्रे, असे होऊ देऊ नये. प्रत्येकाने आपापला संच स्वतःजवळ ठेवावा.

याचे कारण असे की व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. पत्रकावरील ‘व्हिसाची हमी’ खरी मानली तरी तो दारापर्यंतचा परवाना असतो. दार उघडायचे की नाही, हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो. व्हिसा हाती असूनही तिबिलिसी विमानतळावरून भारतीय प्रवाशांना परत पाठवले गेल्याची उदाहरणे बरीच आहेत. एकट्याने प्रवास करणारे तरुण, पहिल्यांदाच परदेशी निघालेले आणि एजंटाने जे दिले त्यावर विसंबून आलेले, यांना अधिक विचारले जाते. यात काही वेळा अन्याय होतो हे खरे. जॉर्जियामार्गे पुढे युरोपात शिरण्याचा प्रयत्न करणाऱ्यांमुळे प्रामाणिक पर्यटकाकडे संशयाने पाहिले जाते, हेही खरे. पण त्या काचेपुढे उभे राहून न्याय-अन्यायाची चर्चा करता येत नाही. तेथे कामाला येतात ते कागद.

आम्ही केलेला संच सांगते. परतीचे निश्चित झालेले तिकीट. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचे आरक्षण, आणि तेही पैसे भरलेले. मधली एकही रात्र मोकळी नको. हॉटेलला आम्ही स्वतः निरोप पाठवून आमची नावे त्यांच्या वहीत असल्याचे लेखी उत्तर मागवले. शेजारच्या तरुणाची कथा ऐकल्यावर हे सुचले नसते तरच नवल. बँकेचे तीन महिन्यांचे विवरण, काकांच्या निवृत्तिवेतनाचा कागद, माझे रजामंजुरीचे पत्र. थोडे रोख डॉलर आणि परकीय चलनाचे कार्ड. दिवसागणिक कोठे असणार याचा एक पानी आराखडा इंग्रजीत. हा आराखडा तिघांनाही पाठ असावा, असा माझा आग्रह होता. काका ‘बातुमी’ला ‘बदामी’ म्हणत, ते गाडीत बसेपर्यंत दुरुस्त करून घेतले. तेथे शिकत असलेल्या मुलाकडे उतरणार असाल, तर त्याच्या निवास परवान्याची प्रत, घराचा पत्ता आणि निमंत्रणाचे पत्र सोबत असावे. पारपत्राची मुदत परतीनंतर किमान सहा महिने शिल्लक ठेवणे ही चांगली सवय आहे, नियम कमी मागत असला तरीही.

आमच्या वेळी नव्हती अशी एक अट आता आली आहे. १ जानेवारी २०२६पासून जॉर्जियात जाणाऱ्या पर्यटकाला आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा झाला असून त्याचे संरक्षण किमान ३०,००० लारीचे हवे. लारी हे तेथील चलन. एक लारी साधारण तीस-बत्तीस रुपयांना पडते. विम्याचा कागद इंग्रजीत अथवा जॉर्जियन भाषेत असावा आणि त्यात पोहोचण्याच्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंतच्या तारखा असाव्यात. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्या विमानात तारीख बदलते, हे विमा काढताना हमखास विसरले जाते.

पॅकेज घ्यावे की स्वतः आखणी करावी? माझे मत स्वतः करण्याच्या बाजूने आहे, कारण मग कोणत्या कागदावर काय लिहिले आहे हे आपल्याला ठाऊक असते. ज्येष्ठांना पॅकेज सोयीचे वाटते, त्याला हरकत नाही. पण हॉटेलांची नावे, त्यांचे दूरध्वनी आणि आरक्षण क्रमांक पूर्ण पैसे भरण्यापूर्वी मागून घ्यावेत. ‘ते निघायच्या आदल्या दिवशी देतो’ असे जो म्हणेल, त्याच्याकडून उठून यावे. पॅकेजच्या रकमेवर गोळा होणारा कर प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्याची पावती जपून ठेवावी.

दिल्लीहून तिबिलिसीला थेट विमान ऑगस्ट २०२३मध्ये सुरू झाले आणि त्यामुळेच ग्वाल्हेरकरांचे काम सोपे झाले. ग्वाल्हेर ते दिल्ली हे अंतर तीनशेहून थोडे अधिक किलोमीटर. शताब्दी, गतिमान किंवा वंदे भारतने चार तासांच्या आत-बाहेर. मी गोवा एक्सप्रेसने ग्वाल्हेर गाठले आणि पुढे आम्ही एकत्र निघालो. गोव्याहून थेट जायचे तर आखातातील एखाद्या शहरात विमान बदलणे हा दुसरा मार्ग. कोणताही मार्ग निवडला तरी मध्ये मोकळा वेळ ठेवावा. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा या दिशेच्या विमानांना लांबचा वळसा पडला; जून २०२५मध्ये इराणचे आकाश काही दिवस बंद होते, तेव्हा अनेकांचे वेळापत्रक कोलमडले. हिवाळ्यात जाणार असाल तर ग्वाल्हेर-दिल्ली पट्ट्यातील धुके लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीत तेथील गाड्या सहा-सहा तास उशिरा धावतात, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशीच दिल्लीत पोहोचलेले बरे.

पण समुद्रासाठी जायचे असेल तर हिवाळा हा हंगामच नव्हे. गोमंतकीयांची पंचाईत येथे होते. आपल्या सुट्ट्या मे महिन्यात असतात आणि मेमध्ये काळा समुद्र थंडगार असतो. पाय बुडवून फोटो काढण्यापुरता ठीक, पोहण्यासाठी नव्हे. पाणी खरे उबदार होते जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा किनाऱ्यावर गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही वर चढलेले असतात. सप्टेंबरचा पूर्वार्ध उत्तम, पण तो बहुधा चवथीच्या आसपास येतो आणि चवथीला घर सोडून कोण जाणार! ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही गणपतीच्या दिवसांत पाऊल बाहेर पडत नाही. आम्ही जूनचा उत्तरार्ध निवडला. गोव्यात पाऊस स्थिरावलेला, ग्वाल्हेर पंचेचाळीस अंशांत भाजून निघत असलेले, आणि तिकडे पाणी नुकते पोहण्याजोगे झालेले. मुलांच्या शाळेची अडचण नसलेल्यांना हाच काळ सुचवीन.

किनाऱ्यावरचे मुख्य शहर बातुमी. १८७८पर्यंत ते उस्मानी साम्राज्यात होते, नंतर रशियाकडे आले, आणि बाकूचे खनिज तेल येथून जगात जाऊ लागल्यावर भरभराटीला आले. नोबेल बंधूंच्या तेलव्यवसायाचे एक संग्रहालय शहरात आहे. समुद्राला लागून असलेला लांबलचक ‘बुलेव्हार’, म्हणजे झाडांनी झाकलेला पादचारी रस्ता, १८८०च्या दशकातला. पणजीच्या कांपालची आठवण यावी, पण त्याहून कितीतरी लांब. अलीकडच्या काळात त्याच्या कडेला काचेच्या गगनचुंबी इमारती आणि कॅसिनो उगवले आहेत. मांडवीतील जहाजे पाहून ज्यांचे मन भरले आहे, त्यांनी त्यांकडे ढुंकून न पाहता शहराच्या उत्तरेला असलेल्या वनस्पती उद्यानात जावे. १९१२मध्ये सुरू झालेले हे उद्यान समुद्राकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर आहे. काकांचा अर्धा दिवस तेथे गेला, आणि संपूर्ण प्रवासातील सर्वोत्तम अर्धा दिवस म्हणून ते आजही त्याचेच नाव घेतात.

आता किनाऱ्याविषयी एक इशारा. बातुमीला वाळू नाही, गोटे आहेत. मिरामार-कोलव्याच्या मऊ वाळूत वाढलेल्या तळव्यांना ते फार बोचतात. रबरी सपाता घालूनच पाण्यात उतरावे. पाणी काही पावलांतच खोल होते, म्हणून ज्येष्ठांनी आणि मुलांनी जपावे. भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही आणि पाणी आपल्या समुद्राच्या निम्म्यानेच खारट. वाळूच हवी असेल तर उत्तरेला उरेकी गाठावे. तेथील वाळू काळी आहे, तिच्यात लोहचुंबकीय खनिज आहे, आणि ती अंगाला लावून पडून राहिल्याने सांधे सुधारतात अशी सोव्हिएत काळापासूनची समजूत आहे. मावशीने दोन दिवस गुडघे पुरून घेतले. गुण आला का, यावर घरात मतभेद आहेत. उरेकीचे पाणी मात्र उथळ आणि मुलांसाठी निर्धोक. बातुमी आणि उरेकी यांच्यामधले कोबुलेती स्वस्त आणि शांत आहे. किनारा तिथेही गोट्यांचाच.

आणि पाऊस. बातुमीत वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्याहून थोडाच कमी. फरक इतकाच की तो बाराही महिने वाटून पडतो आणि शरद ऋतूत अधिक. जवळच्या एका डोंगराचे नावच ‘मतिराला’, म्हणजे रडणारा. चार दिवसांच्या मुक्कामात एक दिवस पावसाचा धरूनच चालावे. गोव्याच्या माणसाला त्याचे काय, पण ग्वाल्हेरहून आलेल्यांना जूनमधला तो गारवा पैसे वसूल झाल्यासारखा वाटला.

तिबिलिसी ते बातुमी रेल्वेने पाच तास लागतात. दुमजली गाड्या स्वच्छ आहेत आणि तिकीट पारपत्राच्या क्रमांकावर आधी काढता येते. उन्हाळ्यात आधीच काढावे लागते. शहरांत मोबाईलवरून मागवायची टॅक्सी स्वस्त पडते. ‘मार्शरुतका’ नावाच्या छोट्या गाड्या आपल्या जुन्या खासगी मिनीबसच्या भावंडे आहेत: भरल्याशिवाय सुटत नाहीत आणि हात दाखवला की थांबतात. वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे रस्ता ओलांडताना आपली मान सवयीने चुकीच्या दिशेला वळते. यावर उपाय नाही, फक्त सावध राहावे.

साम्यवादाचा काळ संपून तीन दशके उलटली तरी त्याच्या खुणा प्रवाशाला पदोपदी भेटतात. तिबिलिसीची भुयारी रेल्वे १९६६ची. सरकते जिने इतके खोल जातात की मावशीने डोळे मिटून घेतले. भाड्याचे घर घेतले तर बहुधा सोव्हिएत काळातील चाळवजा इमारतीत मिळते. जिना अंधारा, दार पोलादी, आणि काही ठिकाणी लिफ्टमध्ये नाणे टाकल्याखेरीज ती हलत नाही. खिशात सुटी ‘तेत्री’ ठेवावी. शंभर तेत्रींची एक लारी. कुताइसीजवळच्या त्स्काल्तुबो येथे कामगारांसाठी बांधलेली भव्य आरोग्यधामे आज भग्नावस्थेत आहेत. स्टालिन तेथे स्नानासाठी येत असे. अबखाझियातील १९९२-९३च्या युद्धातून पळालेल्या निर्वासितांनी पुढे त्याच दालनांत संसार मांडले. छायाचित्रे काढणाऱ्यांची तेथे रीघ असते, परंतु ती कोणाची तरी घरे होती, काहींची कालपरवापर्यंत होती, हे ध्यानात ठेवून आत पाऊल टाकावे.

अबखाझियाचा उल्लेख आला म्हणून सांगते. गाग्रा, पित्सुंदा, सुखुमी ही सोव्हिएत काळातील सर्वांत नावाजलेली किनारी स्थळे जॉर्जियाच्या नकाशावर असली तरी आज त्या सरकारच्या ताब्यात नाहीत. २००८च्या युद्धानंतर रशियाने अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाला मान्यता दिली. रशियाच्या बाजूने तेथे शिरणे हा जॉर्जियन कायद्याने गुन्हा आहे आणि तेथे अडकलेल्या भारतीयाला मदत पोहोचवणे अवघड. कोणी स्वस्त सहल म्हणून सुचवली तरी जाऊ नये. राजधानीत नोव्हेंबर २०२४च्या अखेरीस, सरकारने युरोपीय संघाशी प्रवेशाची बोलणी २०२८पर्यंत लांबणीवर टाकल्यावर मोठी निदर्शने सुरू झाली. अशा गर्दीपासून परक्याने दूर राहावे, फोटोसाठीही जवळ जाऊ नये.

मोरजी-हरमलच्या व्यावसायिकांना रशियन भाषा कामापुरती येते. ती येथे चालेल का, असे मला परतल्यावर अनेकांनी विचारले. चालते, साठीपुढच्या माणसांशी तर चांगली चालते, आणि त्यांना राज कपूर आणि मिथुन चक्रवर्तीही ठाऊक असतात. तरुणांशी मात्र आधी इंग्रजीत बोलावे. २००८च्या युद्धाची जखम ताजी आहे, आणि २०२२नंतर रशियनांचे मोठे लोंढे येथे आल्याने घरभाडी भडकली. ‘गामार्जोबा’ हा नमस्कार आणि ‘मादलोबा’ हे आभार, एवढे दोन शब्द स्थानिक भाषेत आले की समोरचा चेहरा खुलतो.

जेवणाची काळजी काकांना होती, कारण ते शुद्ध शाकाहारी. ती अनाठायी निघाली. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपास पाळतात आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य असते. अशा पदार्थांना ‘सामार्खवो’ म्हणतात. हा एक शब्द उच्चारला की वाढणाऱ्याला सगळे कळते. आपल्याकडे ‘एकादशीचे’ म्हटल्यावर कळते तसे. राजम्याचे ‘लोबियो’ मातीच्या भांड्यात येते, सोबत मक्याची ‘मचादी’. ती खाताना ग्वाल्हेरकरांना थंडीतल्या मक्याच्या भाकरीची आठवण झाली. वांग्याच्या कापात अक्रोडाचे वाटण भरून केलेला पदार्थ तर घरी येऊन करून पाहण्यासारखा. पावाला ‘पुरी’ म्हणतात आणि तो तंदूरसारख्या भट्टीच्या भिंतीला लावून भाजतात. चीज भरलेली ‘खाचापुरी’ सर्वत्र मिळते, पण बातुमीकडच्या होडीच्या आकाराच्या खाचापुरीवर अंडे फोडलेले असते, ते टाळणाऱ्यांनी आधी सांगावे. मासे खाणाऱ्या गोमंतकीयांनी बंदराजवळचा मासळी बाजार गाठावा. तेथे मासे निवडून शेजारच्या खानावळीत तळून घेता येतात. मांदेलीच्या जातकुळीतली ‘हमसी’ हिवाळ्यात भरपूर असते. बांगड्याची सर कशालाच नाही, हे माझे प्रामाणिक मत.

थंडीत डोंगराकडे, गुदौरीसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. डिसेंबर २०२४मध्ये तेथील एका भारतीय उपाहारगृहाच्या वरच्या खोल्यांत कार्बन मोनॉक्साइड वायूने अकरा भारतीयांचा झोपेत मृत्यू झाला. बंद खोलीत जनित्र, शेगडी किंवा गॅसहीटर चालू ठेवून कधीही झोपू नये. आणीबाणीचा क्रमांक ११२. तिबिलिसीत भारतीय दूतावास आहे, त्याचा दूरध्वनी निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावा, कारण मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो.

चर्चमध्ये जाताना स्त्रियांनी डोके झाकावे, पुरुषांनी अर्धी विजार घालू नये. आणि तेथे गोव्याचे नाव निघाले तर एक दुवा आपल्या हाताशी असू द्यावा. जॉर्जियाच्या काखेती प्रांताची राणी केतेवन हिला इराणच्या शाह अब्बासाने शिराझ येथे कैदेत ठेवले आणि धर्मांतरास नकार दिल्याबद्दल १६२४मध्ये हालहाल करून मारवले. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणला. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टीनच्या ज्या उंच, एकाकी मनोऱ्यासमोर आपण पाहुण्यांचे फोटो काढतो, त्याच परिसरातील अवशेषांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला २००४मध्ये त्या अस्थी सापडल्या. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील जनुकीय तपासणीने त्या तिच्याच असण्यास बळ दिले. २०१७मध्ये त्या काही काळासाठी जॉर्जियात नेल्या गेल्या आणि जुलै २०२१मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांचा एक अंश कायमचा त्या देशाच्या स्वाधीन केला. बातुमीतील एका चर्चमध्ये मेणबत्त्या विकणाऱ्या वृद्धेला ‘इंडिया’ कळले, ‘गोवा’ कळले नाही. ‘केतेवन’ म्हटल्यावर तिने माझा हात धरला आणि तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. मावशी तिला मराठीत उत्तर देत होती.

परतीच्या सामानाविषयी एवढेच: मातीच्या रांजणांत मुरवलेल्या तेथील वाइनची परंपरा युनेस्कोच्या यादीत आहे आणि बाटली न आणता येणे गोव्याच्या माणसाला कठीण. भारतीय सीमाशुल्काच्या नियमाने माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या पेटीत घालाव्यात; हातातल्या पिशवीत त्या जाऊ देत नाहीत. अक्रोडाची माळ द्राक्षरसात बुडवून वाळवलेले ‘चुर्चखेला’ दूरच्या गाडीप्रवासात टिकते. आमचे ग्वाल्हेरपर्यंतच निम्मे संपले, उरलेले मी गोवा एक्सप्रेसमध्ये मनमाडपर्यंत पुरवले.